टपावरचं कॅरियर आणि हरवलेले पाच मैल

कॅरियर आलं ते मे महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळी साडेसहाला, आणि त्या वेळी लोवेल नूटसन पायजम्यात होता. पायजम्यातल्या माणसाला कुठल्याही गोष्टीला ठाम नकार देता येत नाही. अंगात कोट असता, पायात बूट असते, निदान दात घासून झाले असते, तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं, असं लोवेलचं आजही प्रामाणिक मत आहे.

दारात शेजारचा ओरिन हाउगेन उभा होता. वय बहात्तर, पाठ ताठ, डोक्यावर बियाण्यांच्या दुकानातून फुकट मिळालेली टोपी. त्याच्या मागे ढकलगाडीवर काहीतरी लोखंडी, निळं आणि अवाढव्य पडलं होतं. लोवेलला आधी वाटलं, म्हाताऱ्याने कुणाचं तरी फाटकच उपटून आणलं!

"उठला होतास ना?" ओरिनने विचारलं.

"हो हो, केव्हाचा!"

ओरिनने पायजम्याकडे पाहिलं. पायजम्यावर बदकं होती. पण मिनेसोटातल्या नॉरडाल गावात कोणी कोणाच्या बदकांविषयी बोलत नाही.

"तुझ्या पिकअपसाठी केलंय," तो म्हणाला. "टपावरचं कॅरियर. शाळेच्या मैदानातली चढायची शिडी भंगारात काढली ना, तिच्या नळ्या आहेत. असं लोखंड आता बघायला मिळत नाही."

"अहो, पण कशाला एवढं..."

"हिवाळाभर माझ्या दारातला बर्फ काढलास तू."

"त्यात काय मोठं! मशीन चालूच असतं, चार पावलं पुढे ढकललं. नको हो, खरंच."

"केलंय आता. घे."

नॉरडालमध्ये देऊ केलेली वस्तू दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची असा शिरस्ता आहे. मग ते कॉफीचं दुसरं पातेलं असो की कुत्र्याचं पिल्लू. दोन नकार लोवेलने मनापासून दिले होते. तिसऱ्या वेळी मात्र पन्नास वर्षांची सवय आड आली आणि होकार शिंकेसारखा बाहेर पडला. "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर..."

पण खरं सांगायचं तर कोट घालून, भांग पाडून उभा असता तरी त्याला 'नको' म्हणता आलं नसतं. ओरिनची बायको व्हर्ना गेल्या ऑक्टोबरात वारली. त्यानंतर अख्खा हिवाळा ओरिन घराबाहेर पडला तो फक्त टपालपेटीपर्यंत. ज्याच्या शेडमधून आठवड्याचे सहा दिवस वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या, त्या शेडला सात महिने कुलूप. लोवेलची बायको मार्डेल रोज सकाळी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "आजही पडदा उघडला नाही त्यांनी." आणि आज हा माणूस वेल्डिंग करून, वर निळा रंग देऊन, आपल्या पायांनी दारात आला होता. त्याला म्हणायचं काय, की परत घेऊन जा?

तर दुपारपर्यंत सोळा बोल्ट आवळून झाले. कॅरियरचे चार पाय पिकअपच्या मागच्या हौद्यावर उभे राहिले आणि बाकीचा सांगाडा टपावरून पुढे काचेपर्यंत आला. ओरिनने दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाला, "वाईट नाहीये." नॉरडालमध्ये याच्यावर कौतुकाचा शब्द नाही. लग्नात नवरीला बघून नवरामुलगासुद्धा एवढंच म्हणतो.

लोवेलची लेक ब्रिटा, वय वर्षं पंधरा, कडेला उभी राहून सफरचंद खात होती. "बाबा," ती म्हणाली, "आपली गाडी पलंगाखाली अडकल्यासारखी दिसतेय."

"शू!" लोवेल म्हणाला.

संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये घालताना कळलं की गाडी आत जाते, कॅरियर जात नाही. हे ज्या आवाजाने कळलं तो तीन घरं पलीकडे ऐकू गेला. गॅरेजचा दरवाजा मधोमध असा वाकला, जणू कुणीतरी त्याला नमस्कार करायला सांगितलंय. तेव्हापासून पिकअप बाहेर अंगणात, ओरिनच्या स्वयंपाकघराच्या बरोबर समोर उभी राहू लागली. सकाळी कॉफीचा कप घेऊन ओरिन खिडकीत बसे आणि कॅरियरकडे बघे. पडदा उघडा! मार्डेलचे डोळे भरून आले. "लोवेल," ती म्हणाली, "ते कॅरियर काढायचं नाव काढलंस तर याद राख."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तू दरवाजाकडे बघत होतास."

पण दरवाजाचं दुःख लोवेलने गिळलं असतं. त्याचं खरं दुःख पेट्रोल पंपावर सुरू झालं.

लोवेल जिल्ह्याच्या कचेरीत जमिनींचे नकाशे सांभाळायचा. कुणाची हद्द कुठल्या ओकच्या झाडापाशी संपते हे सांगणारा माणूस तो. त्याला 'साधारण' आणि 'अंदाजे' हे शब्द चावायचे. तो रोज एकतीस मैल जायचा, एकतीस मैल यायचा, आणि त्याची पिकअप गॅलनला चोवीस मैलांचं ॲव्हरेज द्यायची. चोवीस! त्या मोठ्या, जुन्या, धडधाकट गाडीतून चोवीस काढणं म्हणजे गणिताच्या मास्तरांकडून शंभरपैकी शंभर काढणं. त्यासाठी लोवेल टायरची हवा दर सोमवारी तपासायचा, उतारावर पाय असा अलगद उचलायचा की शेजारी बसलेल्याला झोप लागावी, आणि ब्रेक तर त्याने जणू पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता. उंची बेताची, केस बेताचे, गाण्यात बेसूर, पण रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना कोणीतरी सहज विचारायचं, "लोवेल, गाडी किती देते रे तुझी?" आणि तो कपात बघत हळूच म्हणायचा, "चोवीस." मग जो काही शांततेचा क्षण यायचा, त्यावर त्याचा पुढचा आठवडा निघायचा.

कॅरियर बसवल्यावरच्या पहिल्या टाकीला हिशोब आला एकोणीस.

लोवेलने पुन्हा भागाकार केला. मग हाताने केला. मग ब्रिटाकडून करून घेतला.

"एकोणीसच," ब्रिटा म्हणाली. "बाबा, हवा अडते त्या नळ्यांना. आम्हाला विज्ञानात होतं. वेग वाढला की अडथळा नुसता वाढत नाही, भसाभसा वाढतो. आणि पन्नासच्या वर गेलास की ते गातं पण."

हे खरं होतं. पन्नास मैलांचा वेग आला की कॅरियर एक लांबलचक, गंभीर सूर धरायचं. ब्रिटा शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. तिच्या मते तो सूर अगदी शुद्ध होता आणि बँडची सगळी वाद्यं त्यावर जुळवता आली असती. लोवेलला त्याचं कौतुक वाटेना. एकतीस मैल एकच सूर ऐकला की माणूस कचेरीत पोचून पहिल्या दहा मिनिटांत कुणाशीही त्याच सुरात बोलतो.

रविवारी चर्चच्या तळघरात प्रश्न आलाच. विचारणारा गॉर्डी फ्लूग. गॉर्डी विमा विकायचा, आणि त्याची पिकअप एवढी मोठी होती की तिला स्वतःचा पिनकोड हवा होता.

"काय मग, चोवीसराव? किती देते?"

"अं... एकोणीसच्या आसपास." 'आसपास' म्हणताना लोवेलची जीभ भाजली.

"एकोणीस?" गॉर्डीचा चेहरा आनंदाने फुलला. "अरे, म्हणजे माझ्याइतकंच की!"

त्या रविवारी लोवेलने केक खाल्ला नाही.

गॉर्डीचा एक गुण मान्य करायला हवा. दुसऱ्याच्या संकटात तो सल्ला आखडता घेत नाही. त्याच संध्याकाळी तो दोर, प्लायवूडची फळी आणि स्वतःचा डबा भरून बिस्किटं घेऊन हजर झाला. "हवेला वाट दाखवायची असते, लोवेल," तो तोंडात बिस्किट ठेवून म्हणाला. "ती बिचारी सरळ येते आणि नळीवर आपटते. आपण पुढे ही तिरपी फळी लावू. हवा फळीवरून सरकन वर. नळ्यांना पत्ताच नाही!"

फळी लावली. ओरिन खिडकीतून बघत होता. लोवेलने त्याच्याकडे बघून असा हात हलवला की जणू फळी हा शोभेचा प्रकार आहे. ओरिननेही हात हलवला.

पुढच्या टाकीला ॲव्हरेज आलं सतरा.

"फळीचा कोन चुकला असेल," गॉर्डी फोनवर म्हणाला.

कोन सुधारायची वेळ आलीच नाही. मंगळवारी सकाळी महामार्गावर फळीने गाडीची साथ सोडली आणि एका सोयाबीनच्या शेतात जाऊन उभी राहिली, अगदी सरळ, पाटीसारखी. संध्याकाळी शेतमालकाचा फोन आला. "तुमची घाई नसेल तर राहू द्या," तो म्हणाला, "कावळे येईनासे झालेत."

मग लोवेलने हळू चालवायला घेतलं. चाळिसाने! हवा हळू आली तर हळू आपटेल, हा विचार शास्त्राला धरून होता आणि ॲव्हरेज खरोखरच एकवीसपर्यंत चढलं. पण नॉरडालच्या रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवत नाही, हीच पंचाईत. हॉर्न वाजवला असता तर बरं, माणूस रागावून तरी बघतो. इथे मागे चौदा गाड्यांची रांग लागली आणि चौदाच्या चौदा ड्रायव्हर समजूतदारपणे वाट बघत राहिले. लोवेलला आरशात ते सगळे समजूतदार चेहरे दिसत होते. शेवटी गवताच्या गाठोड्यांची ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर बाजूने पुढे गेला. ट्रॅक्टरवाल्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलून रीतसर नमस्कार केला. तो नमस्कार लोवेलच्या काळजात रुतला.

"काढून टाक ना सरळ," ब्रिटा म्हणाली. "त्यांना सांग, पेट्रोल फार खातं."

"असं कसं सांगायचं?"

"तोंडाने!"

मार्डेल आणि लोवेलने एकमेकांकडे पाहिलं. कुठून शिकतात ही मुलं?

आणि मग लोवेलला ती कल्पना सुचली. त्याने स्वतः काढलं तर ओरिन दुखावला जाणार. पण सरकारने काढायला लावलं तर? कायदाच आडवा आला तर? तो ओरिनच्या दारात जाऊन खाली मान घालून म्हणाला असता, "काय करणार हो, परवानगीच नाही!" आणि दोघांनी मिळून सरकारला शिव्या घातल्या असत्या. त्याने मैत्री घट्ट होते.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो आपल्याच कचेरीच्या खालच्या मजल्यावर, वाहन परवान्यांच्या खिडकीपाशी गेला. तिथे डार्लिस रूड बसायची. पन्नाशीची, टुणटुणीत, गळ्यात साखळीला चष्मा. चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्षही तीच. आजवर या खिडकीवर माणसं परवानगी मागायला आली होती. नकार मागायला आलेला लोवेल पहिलाच.

"टपावर लोखंडी कॅरियर बसवलंय," तो म्हणाला. "फार मोठं आहे. बेढबच म्हणा ना. चालणार नाही ना हे?"

"थांब हं, बघते." तिने जाड पुस्तक काढलं. "रुंदी किती?"

लोवेलने दोन इंच वाढवून सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा तो मापात खोटं बोलला, आणि त्याचे कान लाल झाले.

"अगं बाई, बसतंय की! उंची?"

"खूप. गॅरेजमध्ये जात नाही."

"गॅरेजचं आम्ही बघत नाही रे." पान उलटलं. "हेही बसतंय. पुढे काचेवर किती येतं?"

"येतं बरंच. मला तर भीतीच वाटते. पोलिसांना वाटायला हवी."

डार्लिसला त्याची दया आली. ती चष्म्यावरून बघत मायेने म्हणाली, "लोवेल, एवढा घाबरू नकोस. तुझ्यासारख्या सरळ माणसाला कोणी उगीच अडवू नये म्हणून मी काय करते, तुला लेखी देते." आणि तिने दिलं! टाईप करून, शिक्का मारून, खाली सही करून. सदर कॅरियर नियमात बसत असून ते काढण्याची कोणतीही आवश्यकता नाही. "पुढच्या काचेपाशी ठेव," ती म्हणाली, "म्हणजे कोणी विचारायलाच नको."

तो कागद घेऊन जिना चढताना लोवेलचे पाय जड झाले होते. सरकारी खिडकीवर इतकी तत्पर सेवा मिळाल्याबद्दल तक्रार कुठे करायची असते, याची चौकशीही त्याला करता येईना.

आता पुढची गोष्ट सांगताना थोडं हळू बोलायला हवं, कारण लोवेल नूटसन हा सरळ माणूस होता आणि त्याने हे केलं.

गावाच्या टोकाला, चर्चच्या मागे, एक मोठा ओक आहे. रविवार सोडला तर तिथे खारींशिवाय कोणी नसतं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी लोवेल घरून तासभर लवकर निघाला. ओरिनच्या खिडकीसमोरून कॅरियर मिरवत, हात हलवत गेला, आणि चर्चच्या मागे वळला. सोळा बोल्ट सोडले. ओकच्या फांदीवरून दोर टाकून कॅरियर बांधलं आणि ओढून हातभर वर उचललं. दोर बुंध्याला गुंडाळून गाडी खालून पुढे काढली, आणि ते धूड हळूहळू गवतावर सोडलं. वर ताडपत्री. मग गेला कामावर. संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमाने, आणि घरी पोचताना पुन्हा टपावर कॅरियर, पुन्हा हात हलवणं, पुन्हा ओरिनचा हसरा चेहरा.

रोज सोळा आणि सोळा, बत्तीस बोल्ट! तळहाताला फोड आले, कमरेतून असा काही आवाज यायला लागला की खारी दचकायच्या. पण ॲव्हरेज? चोवीस पूर्णांक तीन! कॅरियर उतरवल्यावर गाडी अशी पळायची, जणू तिला शाळेला सुट्टी लागलीय. लोवेल गाडीत शिट्टी वाजवू लागला. ओरिन खूष, मार्डेल खूष, गाडी खूष. "तू बारीक झालास," मार्डेल म्हणाली. "आणि तुझे दंड बघ की!" नऊ दिवस तो या भूतलावरचा सर्वांत समाधानी फसवणूक करणारा माणूस होता.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो चर्चच्या मागे आला, तर ओकखाली गवताचा एक दबलेला, पिवळट चौकोन होता. ताडपत्री व्यवस्थित घडी घालून ठेवली होती. कॅरियर नव्हतं!

लोवेलने झाडावर बघितलं. का बघितलं ते त्यालाही सांगता येणार नाही. मग चर्चभोवती दोन फेऱ्या मारल्या. स्मशानभूमीचं फाटक उघडून बघितलं. नॉरडालमध्ये कोणी चोरी करत नाही. लोक किल्ली गाडीतच ठेवून जातात, आणि परत येतात तेव्हा मागच्या सीटवर कोणीतरी आपल्या मळ्यातले दुधी टाकून गेलेलं असतं. म्हणजे इथे वस्तू वाढतात, कमी होत नाहीत. मग हे गेलं कुठे?

घरी जाणं भाग होतं. बोडक्या टपाची गाडी घेऊन तो मागच्या गल्लीने आला, इंजिन जवळजवळ बंद करून, उतारावरून गडगडत. गॅरेजचा वाकलेला दरवाजा जेमतेम गाडीच्या टपापर्यंतच वर जायचा. पण आता टपावर काही नव्हतं, तर गाडी आत घालून सकाळपर्यंत वेळ काढता आला असता. तो खाली उतरला, दरवाजाला हात घातला, आणि मागून आवाज आला.

"आज लवकर आलास."

ओरिन कुंपणापाशी टोमॅटोला काठ्या लावत होता. त्याने लोवेलकडे बघितलं. मग गाडीकडे. मग टपाकडे. टप संध्याकाळच्या उन्हात असा चकाकत होता की नजर दुसरीकडे जाईना.

"ओरिन," लोवेल म्हणाला, "ते कॅरियर..."

आणि नेमकी तेव्हा, रस्त्यावरून, हॉर्न वाजवत (नॉरडालमध्ये हॉर्न!) डार्लिस रूडची गाडी आली. मागे ट्रेलर. ट्रेलरवर पट्ट्यांनी बांधलेलं निळं, अवाढव्य कॅरियर. वर चर्चच्या वर्गातली चार दणकट पोरं.

"लोवेल!" ती खिडकीतूनच ओरडली. "तुझं कॅरियर सापडलं रे! चर्चच्या मागे पडलं होतं! जुन्या वस्तूंच्या विक्रीचं सामान लावायला गेलो आम्ही, तर ताडपत्रीखाली हे! बायका म्हणाल्या, कोणीतरी विक्रीसाठी दान दिलंय, किंमत लावू. मी म्हटलं, खबरदार! हे लोवेलचं आहे, मीच शिक्का मारलाय! अरे, पडलं कसं? आणि बोल्ट बघ किती नीट डबीत भरून ठेवलेत कोणीतरी!"

पोरांनी कॅरियर उतरवून अंगणात ठेवलं. बोल्टांची डबी लोवेलच्या हातात दिली. डार्लिसने दोघांकडे बघितलं. दोघेही तिच्याकडे बघत नव्हते. "बरं तर," ती म्हणाली, आणि नॉरडालमध्ये 'बरं तर' म्हटल्यावर माणूस अजून अर्धा तास दारात उभा राहतो, पण ती दीड मिनिटात गेली.

अंगणात दोघं उरले.

पळवाटा खूप होत्या. निखळून पडलं म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं तर ओरिनचं वेल्डिंग कच्चं ठरलं असतं. रंग द्यायला काढलं होतं म्हणता आलं असतं. पण मग रंगही वाईट ठरला असता. लोवेलने कॅरियरकडे बघितलं, आपल्या तळहातावरच्या फोडांकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुठलंही वळण न घेता, तो सरळ बोलला.

"ओरिन, हे पेट्रोल फार खातं. चोवीस द्यायची गाडी, एकोणीसवर आली. मी रोज सकाळी चर्चच्या मागे काढतो आणि संध्याकाळी परत लावतो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. नऊ दिवस झाले."

टोमॅटोची काठी ओरिनने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"एकोणीस?" तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी पंधरा धरले होते." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "नळ्या गोल आहेत म्हणून. चौकोनी असत्या तर मेलाच होतास तू. आणि ती फळी होती तेव्हा?"

"सतरा."

"गॉर्डीची ना?"

"गॉर्डीची."

"वाटलंच. मी खिडकीतून बघत होतो. म्हटलं, हा हवेच्या तोंडावर दार का लावतोय? पण बोललो नाही."

"का नाही बोललात?"

"तुला वाईट वाटलं असतं."

शेजारच्या आवारात कुणाचा तरी पाण्याचा फवारा टक टक करत फिरत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं की हे एवढं पेट्रोल खाईल?" लोवेलने विचारलं. "मग रोज वापरायला दिलंत कशाला?"

"रोज वापरायला कोणी सांगितलं?" ओरिन उसळला. "रोज? कचेरीत जाताना? अरे, कचेरीत काय न्यायचंय तुला टपावर, टेबल? मी वाट बघतोय कधी विचारतोस म्हणून. जून गेला. जुलै गेला. हा आपला रोज रिकामं कॅरियर घेऊन हात हलवत जातोय, हात हलवत येतोय! मला वाटलं, याला डोकं आहे की नाही?"

"काय विचारायचं होतं मी?"

ओरिनने टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

"होडी आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "अठरा फुटी. शेडमध्ये. व्हर्ना पुढे बसायची, मी मागे. दर ऑगस्टला वर सीमेजवळच्या तळ्यांवर जायचो आम्ही, एकतीस वर्षं. एकट्याला उचलत नाही ती. आणि एकट्याने वल्हवली की गोल फिरते." त्याने नाक पुसलं. "तळ्यावर येतोस का, हे विचारायचं होतं तुला."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं की!" ओरिनने दोन्ही हातांनी कॅरियरकडे दाखवलं. "हे काय आहे मग? याच्यापेक्षा मोठ्याने कसं विचारायचं माणसाने?"

लोवेलने बघितलं. सोळा बोल्टांचं, नळ्यांचं, निळ्या रंगाचं ते आमंत्रण तीन महिने त्याच्या टपावर होतं. तीन महिने त्याने ते गावभर फिरवलं, सगळ्यांना दाखवलं, त्यावर सरकारी शिक्कासुद्धा मारून आणला. वाचलं तेवढं नाही.

"शनिवारी?" तो म्हणाला.

"शनिवारी चालेल."

"मला वल्हवता येत नाही, ओरिन."

"पुढे बसणाऱ्याला यावं लागत नाही. व्हर्नाला पण येत नव्हतं. ती नुसती मला सांगायची, कुठे खडक आहे ते. ते पण आपटल्यावर." आणि ओरिन हसला. मग हसता हसता त्याचं काहीतरी बिनसलं आणि त्याला पुन्हा नाक पुसावं लागलं. लोवेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे ठेवायला गेला. हातात बोल्टांची डबी होती, ती खांद्यावर टेकली.

"बोल्ट काढून टाकू," ओरिन डबीकडे बघत म्हणाला. "खिट्ट्या करतो मी चार. उद्याच शेड उघडतो. दोन मिनिटांत लागेल, दोन मिनिटांत निघेल. तळ्यावर जाताना लाव, एरवी भिंतीला टेकून ठेव. तुझं चोवीस तुझ्यापाशी."

"जाताना कितीचं पडेल, होडी घेऊन?"

"चौदा," ओरिन आनंदाने म्हणाला. "वारा समोरून असला तर तेरा!"

तेरा! लोवेलने तो आकडा मनात एकदा म्हणून बघितला, आणि त्याला आश्चर्य वाटलं की कुठेही दुखलं नाही.

हे सगळं मार्डेल स्वयंपाकघरातून बघत होती. ऐकू काहीच येत नव्हतं, पण दिसत होतं ते भयंकर होतं. नॉरडालमधले दोन पुरुष बोलतात तेव्हा ते शेजारी शेजारी उभे राहतात आणि तिसऱ्याच कशाकडे तरी बघतात, इंजिनाकडे, नाहीतर ढगांकडे. हे दोघे समोरासमोर होते. एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. एकाने नाक पुसलं होतं. दुसऱ्याचा हात पहिल्याच्या खांद्यावर होता! या गावात कोणाचं काही बरंवाईट झालं की सगळ्यांत आधी पोचते ती हॉटडिश, म्हणजे एकाच भांड्यात सगळं घालून भाजलेलं जेवण. पास्टर मागाहून येतो. तिने भट्टीतून रात्रीच्या जेवणाची हॉटडिश काढली, बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्यांचा थर लावलेली, अजून खदखदणारी. वर चांदीचा कागद घातला, ब्रिटाला म्हणाली, "कपाटातला काळा स्वेटर काढून ठेव," आणि दोन्ही हातांत डिश धरून अंगणात गेली.

"कोण गेलं?" तिने हळूच विचारलं.

"कुठे? कोणी नाही," लोवेल म्हणाला. "आम्ही शनिवारी तळ्यावर जातोय."

मार्डेलने एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, मग गवतावर पडलेल्या कॅरियरकडे. हाताला चटके बसत होते, पण डिश खाली ठेवायचं तिला सुचेना.

"कोणी नाही?" ती म्हणाली. "मग तुम्ही दोघं एकमेकांशी बोलताय कशाला?"